लघुव्यासाची रायफल : पारख आणि निवड

रायपूरसारख्या शहरातील नेमबाजाला रायफल निवडताना पहिली अडचण येते ती अशी, की जी वस्तू घ्यायची ती हातात धरून पाहण्याची सोय त्याला बहुधा नसते. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर, किंवा दिल्लीत १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी तुघलकाबाद येथे उभारलेल्या मैदानावर, निरनिराळ्या बनावटींच्या रायफली शेजारी-शेजारी चाललेल्या दिसतात. रायपुरात तसे नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले आणि त्यानंतर येथे राज्य पातळीवरील नेमबाजीची घडी बसू लागली. शहरालगत माना येथे पोलीस दलाच्या मैदानावर राज्यस्तरीय स्पर्धाही झाल्या आहेत. परंतु रायफली थोड्या आणि त्या वापरणारे हात पुष्कळ, ही स्थिती अजूनही पालटलेली नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतील एखाद्या मुलाला वा मुलीला या खेळाची गोडी लागली, तर मुंबईच्या मैदानापर्यंत जाण्यासाठी रेल्वेने अकराशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो.

अशा परिस्थितीत निवड होते ती नावावरून. अमुक विजेत्याने अमुक बनावटीची रायफल वापरली, तेव्हा आपणही तीच घ्यावी, असा विचार केला जातो आणि घरची पुंजी तीत गुंतते. रायफल ही मनाजोगी नसली तर सहज बदलता येणारी वस्तू नव्हे. तिच्यामागे परवाना असतो, विक्रीचे नियम असतात. एकदा घेतलेली रायफल पाच-दहा वर्षे तरी सोबत राहते. यातून होणारे नुकसान केवळ पैशाचे नसते. शरीराला न जुळणारी रायफल, किंवा तिच्या नळीला न मानवणारे काडतूस यांमुळे हुकलेले नेम नेमबाज आपल्याच माथी घेतो, नसलेला दोष दुरुस्त करण्याच्या प्रयत्नात असलेले कौशल्यही बिघडवून बसतो आणि पुष्कळदा खेळच सोडून देतो. यासाठी रायफलीचे कोणते अंग कोणते कार्य करते आणि किती मिलिमीटरांची चूक कोठून येते, हे खरेदीपूर्वीच समजून घेणे आवश्यक ठरते.

काडतुसाचा स्वभाव

रायफलीची निवड काडतुसापासून सुरू करणे हे वरवर उलटे वाटेल, पण तोच सरळ मार्ग होय. .२२ इंच, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाच्या या काडतुसाचा वंश फ्रान्समधील फ्लोबेर याच्या १८४५ च्या सुमाराच्या प्रयोगांपर्यंत मागे जातो. घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजीची करमणूक करता यावी, एवढाच त्याचा हेतू होता. आज जगभर वापरले जाणारे ‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस अमेरिकेत १८८७ मध्ये प्रचारात आले. मोठ्या काडतुसात बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र टोपी बसविलेली असते आणि आघाताची सुई तिच्यावर पडते. या छोट्या काडतुसात तशी टोपी नसते. पितळी नळकांड्याच्या बुडाला बाहेर आलेली जी पोकळ कड असते, तिच्यातच स्फोटक मिश्रण भरलेले असते. सुई त्या कडेवर पडली की ते पेटते. कडेवर पेटणारे म्हणून त्याला ‘रिमफायर’ असे नाव मिळाले.

या रचनेमुळे काडतूस स्वस्त झाले, परंतु तिचे दोन परिणाम नेमबाजाला कायम भोगावे लागतात. पहिला असा की, वापरलेले नळकांडे पुन्हा भरता येत नाही. मोठ्या व्यासाच्या रायफलीचा नेमबाज आपल्या हाताने दारू तोलून काडतुसे तयार करू शकतो. येथे मात्र कारखान्याने जे दिले ते निमूटपणे स्वीकारावे लागते. दुसरा असा की, स्फोटक मिश्रण त्या इवल्याशा कडेत सर्वत्र सारखे पसरणे ही कठीण गोष्ट आहे. ते जरा कमीजास्त झाले की गोळीचा वेग बदलतो.

वेगातील हा फरक किती महाग पडतो, हे साध्या गणिताने दाखविता येते. स्पर्धेच्या काडतुसातील शिशाची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि ती सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने नळीबाहेर पडते. पन्नास मीटरचे अंतर काटण्यास तिला एका सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. आता तिचा वेग सेकंदाला दहा मीटरांनी कमी झाला, तर ती सात-आठ मिलिमीटर आणखी खाली उतरेल. पन्नास मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ त्याच्या आतल्या वर्तुळापेक्षा आठ मिलिमीटर बाहेर असते. म्हणजे नेम अगदी अचूक असला, चाप निर्दोष दाबला गेला, तरी केवळ काडतुसाच्या असमानतेमुळे जवळपास एक गुण जाऊ शकतो. बाजूने सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारा, गालाला जेमतेम जाणवणारा वारा गोळीला साधारण तितकेच ढकलतो. कोणता गुण वाऱ्याने गेला, कोणता काडतुसाने आणि कोणता स्वतःच्या हाताने, हे ओळखता येणे हीच या खेळातील अर्धी विद्या आहे.

वेगवान काडतूस अधिक चांगले, हा समज येथे लागू पडत नाही. शिकारीसाठी बनविलेली काही .२२ काडतुसे सेकंदाला ३८० मीटर वेगाची असतात. ती ध्वनीपेक्षा वेगाने निघतात आणि वाटेत त्यांचा वेग ध्वनीच्या वेगाखाली उतरतो. त्या संक्रमणात गोळी डळमळते. स्पर्धेची काडतुसे म्हणून मुद्दामच ध्वनीच्या वेगापेक्षा मंद ठेवलेली असतात.

बोल्ट, नळी आणि चाप

लक्ष्यवेधासाठी बोल्टची रायफलच का, याचे उत्तरही काडतुसातच आहे. शिशाची गोळी मऊ असते आणि तिच्यावर मेणासारख्या वंगणाचा पातळ थर असतो. आपोआप भरणाऱ्या रायफलीत काडतूस झटक्याने पुढे ढकलले जाते आणि गोळीच्या नाकावर ओरखडा पडण्याचा संभव असतो. बोल्ट असलेल्या रायफलीत नेमबाज एकेक काडतूस हाताने ठेवतो आणि बोल्ट पुढे सरकवून खाली वळवितो. कक्ष घट्ट बंद होतो आणि दर वेळी त्याच जागी बंद होतो. चाप दाबल्यावर सुई कडेवर पडेपर्यंतचा काळ चांगल्या रायफलीत सेकंदाच्या काही हजारांशांइतका असतो. हा काळ जितका कमी, तितकी नळी हलण्यास संधी कमी. बोल्टऐवजी ठोकळा खाली सरकून उघडणाऱ्या ‘मार्टिनी’ पद्धतीच्या ब्रिटिश बी.एस.ए. रायफलींनी एके काळी मैदाने गाजविली आणि जुन्या क्लबांत त्या अजूनही आढळतात. सुस्थितीतील अशी रायफल मिळाली तर तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र तिचे सुटे भाग मिळविणे दिवसेंदिवस अवघड होत आहे.

नळीच्या आतील पेचदार आटे गोळीला फिरकी देतात. या काडतुसासाठी सोळा इंचांत एक फेरा ही फिरकी सर्वसाधारण आहे. नळीची लांबी फार असावी असा आग्रह धरण्याचे कारण नाही. .२२ ची दारू इतकी थोडी असते, की ती नळीच्या पूर्वार्धातच जळून जाते. लांब नळीचा खरा उपयोग पुढची आणि मागची निशाणी यांत अंतर वाढविणे हा आहे. हे अंतर ८० सेंटिमीटर असेल आणि डोळ्याने पुढच्या निशाणीची जागा केवळ एक दशांश मिलिमीटरने चुकविली, तर लक्ष्यावर ती चूक सहा मिलिमीटरांहून मोठी होते. अंतर वाढले की तीच चूक लहान होते. नळी दस्त्याला कोठेही टेकलेली नसावी. कागदाची चिठ्ठी नळी आणि लाकूड यांमधून कक्षापर्यंत विनासायास सरकली पाहिजे.

निशाण्यांविषयी एक सावधगिरीची सूचना येथेच द्यावी लागेल. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे या प्रकारात दुर्बिणीची निशाणी चालत नाही. मागे बारीक छिद्राची आणि पुढे कड्याची निशाणी लागते. हल्ली हलक्या शिकारी घाटाच्या अनेक .२२ रायफली केवळ दुर्बीण बसविण्याच्या सोयीनेच विकल्या जातात. त्यांच्या नळीवर पुढची निशाणी बसविण्यास जागाच नसते. अशी रायफल कितीही नेमकी असली तरी स्पर्धेच्या दृष्टीने ती निरुपयोगी होय.

चापाच्या बाबतीत नवशिक्यांचा ओढा नेहमी हलकेपणाकडे असतो. पन्नास मीटरच्या प्रकारांत चापाच्या भाराला नियमांची किमान मर्यादा नाही, त्यामुळे अनुभवी नेमबाज तो शंभर ग्रॅमच्या आतही आणतात. परंतु ज्याच्या बोटाला अजून भाराची जाणीव आलेली नाही, त्याच्या हाती असा चाप दिला की मन ठरविण्यापूर्वीच गोळी सुटते आणि त्या दचक्याची सवय पुढे वर्षानुवर्षे जात नाही. चाप दोन टप्प्यांचा असावा, दुसऱ्या टप्प्यावर तो न घरंगळता, काचेची काडी मोडावी तसा सुटावा आणि त्याचा भार पुढे कमी करता यावा.

शरीराशी जुळणारा दस्ता

नळी आणि चाप यांवर बोलण्यास सर्वांना आवडते. दस्ता मात्र दुर्लक्षित राहतो. वस्तुतः मध्यम प्रतीची नळी आणि अंगाला बेतून बसलेला दस्ता यांची जोडी, उत्तम नळी आणि परका दस्ता यांच्या जोडीपेक्षा शिकाऊ नेमबाजाला अधिक गुण मिळवून देते. कारण असे की, नळीतील उणीव पुंजक्याला दोन-तीन मिलिमीटरांनी फुगविते; मान ताणून, खांदा उचलून धरलेला नेम मात्र दर गोळीला निराळ्या जागी जातो.

पन्नास मीटरच्या त्रिविध प्रकारात नेमबाज गुडघा टेकून, पोटावर झोपून आणि उभा राहून, अशा तीन स्थितींत गोळ्या झाडतो. प्रत्येक स्थितीत डोके निराळ्या कोनात असते. म्हणून गालाखालची फळी वर-खाली आणि आडवी सरकणारी हवी, खांद्याकडची तबकडी वर-खाली होणारी हवी आणि दस्त्याची लांबी बदलता यावी. योग्य मापाची परीक्षा सोपी आहे. नेमबाजाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल जेथे सहज टेकेल तेथे टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मागच्या छिद्रातून पुढचे कडे मध्यभागी दिसले, तर दस्ता जुळला. मान हलवून ते मध्यभागी आणावे लागले, तर फळी सरकविली पाहिजे. आणि फळी सरकत नसेल, तर ती रायफल त्या नेमबाजाची नव्हे.

वजनाचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. पुरुषांच्या स्पर्धेत आठ किलोग्रॅमपर्यंतची रायफल चालते आणि जड रायफल स्थिर राहते हे खरे. परंतु चौदा वर्षांच्या मुलाने सात किलोची रायफल उभ्याने धरली की तो तोल राखण्यासाठी पाठीचा कणा मागे आणि बाजूला वाकवितो. वाढत्या वयात हे रोज तासन् तास घडू देणे शहाणपणाचे नाही. मुलांसाठी पाच किलोच्या आसपासची, जिला पुढे वजने जोडता येतील अशी रायफल इष्ट. शिवाय कोणता डोळा प्रबळ आहे, हे आधी पाहिले पाहिजे. हात लांब करून दोन तळव्यांमधील लहान फटीतून दूरची वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो प्रबळ. उजव्या हाताने लिहिणाऱ्या कित्येकांचा डावा डोळा प्रबळ असतो. त्यांच्यासाठी डाव्या हाताची रायफल घ्यावी, की उजवीच घेऊन डाव्या डोळ्यावर आडोसा लावावा, हा निर्णय प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबच्या रायफलीवर काही महिने सराव करून मगच घ्यावयाचा असतो.

रायपूरच्या हवेचा विचार दस्त्याच्या संदर्भात वेगळा करावा लागतो. मे महिन्यात येथे पारा ४४ अंशांपलीकडे जातो, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर हवा ओलसर असते आणि डिसेंबर-जानेवारीची पहाट बारा-तेरा अंशांची असू शकते. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. त्यामुळे नळीचा साचा ज्या स्क्रूंनी दस्त्यात घट्ट बसविलेला असतो, त्यांचा ताण बदलतो आणि जूनमध्ये साधलेला नेम सप्टेंबरात सरकलेला आढळतो. नेमबाज निशाणी फिरवून तो जुळवितो, मूळ कारण मात्र तसेच राहते. थरांचे लाकूड साध्या लाकडापेक्षा बरे. ॲल्युमिनियमचा दस्ता फुगत नाही, पण उघड्या मैदानावरील वैशाखात तो गालाला चटका देतो. गालाच्या फळीवर कापड किंवा चामडे लावून घ्यावे. काडतुसांची पेटी बंद मोटारीत ठेवू नये. गोळीवरचे मेण पातळ होऊन ओघळते आणि मग कोरडी गोळी नळीत शिसे सोडत जाते.

जुनी रायफल पाहताना

नव्या आयात रायफलीची किंमत सर्वांना झेपणारी नसते आणि आयातीची सवलत ‘नामांकित नेमबाज’ या दर्जाशी, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत मिळविलेल्या गुणांशी बांधलेली आहे. त्यामुळे बहुतेकांची पहिली रायफल ही कोणा वरिष्ठ नेमबाजाने वापरलेलीच असते. यात कमीपणा काही नाही. शिशाची मऊ गोळी आणि थोडी दारू यांमुळे .२२ ची नळी फार सावकाश झिजते. गोळ्या किती सुटल्या, यापेक्षा तिची निगा कशी राखली गेली हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

बोल्ट काढून नळीच्या मागच्या तोंडाची कड प्रथम तपासावी. रिकाम्या रायफलीचा चाप वारंवार दाबला गेला असेल, तर सुई काडतुसाऐवजी त्या कडेवर आपटून तेथे खाच पडलेली असते. अशा खाचेमुळे काडतूस नीट बसत नाही किंवा पेटत नाही. त्यानंतर कक्षाच्या लगेच पुढे, नळीच्या तळाकडच्या बाजूला पाहावे. रिमफायरच्या स्फोटक मिश्रणात काचेची पूड मिसळलेली असते. ती वर्षानुवर्षे घासून त्या जागी आटे बोथट करते. पुढच्या तोंडाची कड सर्व बाजूंनी सारखी आहे ना, हे भिंगाने पाहावे. सफाईची सळई पुढून घालण्याची वाईट खोड असणारे लोक हीच कड बिघडवितात. शेवटी घट्ट बसणारे कापड सळईला लावून ते मागून पुढे हळूहळू न्यावे. हाताला सर्वत्र सारखा विरोध जाणवला पाहिजे. मध्येच सैल किंवा मध्येच अडखळणारी जागा आढळली, तर विक्रेत्याचे आभार मानून परत फिरावे.

या व्यवहारातील कायद्याची बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार, परवानाधारकाने आपले शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. हा काळ वाया गेला असे मानण्याचे कारण नाही. या अवधीत मालकाच्याच देखरेखीखाली, त्याच्या क्लबच्या मैदानावर रायफलीची परीक्षा पाहून घेता येते.

याच अधिनियमात .२२ रायफलीचा नावाने उल्लेख आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ असू शकणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. परंतु केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सभासदाने लक्ष्यवेधाच्या सरावासाठी वापरावयाच्या.२२ रायफलीला ती मर्यादा लागू नाही. अशा सभासदाला या रायफलीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूदही कलम १३ मध्ये आहे. परवान्यासाठी वयाची अट २१ वर्षांची. मात्र प्रशिक्षणाच्या काळात विहित अटींखाली त्याहून लहान मुलांना रायफल चालविता येते. तात्पर्य, क्लबचे सभासदत्व हा रायफलीनंतरचा उपचार नसून तिच्याआधीची पायरी आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाने भरणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेतूनच राज्याराज्यांतील नेमबाज, रायपूरचेही, राष्ट्रीय स्पर्धेकडे जात आले आहेत.

कोणती घ्यावी

रायपुरातील अनेक मुलामुलींच्या हाती पहिली .२२ रायफल येते ती राष्ट्रीय छात्रसेनेत. छात्रसेनेची ‘डिलक्स’ रायफल ४३ इंच लांब, सुमारे पावणेतीन किलो वजनाची असते आणि तिचा सराव २५ यार्डांवर घेतला जातो. श्वास, चाप आणि सुरक्षिततेची शिस्त शिकण्यासाठी ती उत्तम. दस्ता सरकत नाही, तेव्हा पन्नास मीटरच्या स्पर्धेसाठी तिच्याकडून फार अपेक्षा करणे मात्र अन्यायाचे. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार होणारी .२२ स्पोर्टिंग रायफलही साधी आणि टिकाऊ आहे. तिच्यावर पैसे घालून दस्ता, निशाण्या आणि चाप बदलीत बसण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा; सगळा खर्च जुळविला की तितक्यात एखादी जुनी स्पर्धेची रायफल येते.

स्पर्धेच्या रायफलींत १८५६ मध्ये स्थापन झालेल्या जर्मनीतील अन्शुट्झ कंपनीच्या रायफली आपल्याकडे सर्वांत अधिक दिसतात. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, स्वित्झर्लंडची ब्लायकर ही नावेही मोठीच आहेत. त्यांच्यातील फरक ५९० च्या वर गुण घेणाऱ्याला जाणवतो, ५६० वाल्याला नव्हे. रायपूरच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट निराळीच आहे. सुटा भाग, सुई किंवा स्प्रिंग मोडली तर ती कोणाकडून मिळेल आणि जवळपास त्याच बनावटीची रायफल दुसऱ्या कोणाकडे आहे काय? सर्वांत अधिक दिसणारी बनावट येथे याच कारणासाठी श्रेयस्कर ठरते.

आणि सगळी रक्कम रायफलीत घालू नये. रोज शंभर गोळ्या, महिन्यातून वीस दिवस, वर्षातून दहा महिने एवढाच सराव धरला तरी वर्षाला वीस हजार काडतुसे लागतात. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर त्रिविध प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. या प्रकारातील भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. शिक्षक असलेल्या त्याच्या वडिलांनी मुलाच्या काडतुसांसाठी कर्ज काढल्याची हकीकत त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. कर्ज रायफलीसाठी नव्हे, काडतुसांसाठी, ही त्या हकीकतीतील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला पोटावर झोपून खेळण्याच्या प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले, तेव्हा त्यांचे गुण ६०० पैकी ५९७ होते. साठ गोळ्यांत तीनच गुण जातात, तेव्हा साठही काडतुसे एकसारखी असावी लागतात.

म्हणून रायफल ठरल्यावरही एक काम उरते. कारखान्यात एका वेळी तयार झालेल्या काडतुसांच्या खेपेला ‘लॉट’ म्हणतात आणि त्याचा क्रमांक पेटीवर छापलेला असतो. एकाच नावाच्या दोन लॉटपैकी एक एखाद्या नळीतून नाण्याएवढा पुंजका देतो आणि दुसरा त्याच नळीतून त्याच्या दुप्पट. शेजारच्या रायफलीत हे नेमके उलट होऊ शकते. चाचणीसाठी रायफल वाळूच्या पिशव्यांवर किंवा चिमट्यात पक्की बसवावी, नळी आधी त्याच लॉटच्या दहा-पंधरा गोळ्यांनी रुळवावी आणि वारा पडलेला असताना, बहुधा पहाटे, दहा-दहा गोळ्यांचे चार पुंजके काढावेत. पाच गोळ्यांच्या एका सुबक पुंजक्यावर विश्वास ठेवू नये. योगायोगाने तसा पुंजका कोणत्याही लॉटचा येतो. चारही कागदांवर तारीख, तापमान आणि लॉटचा क्रमांक लिहून ते जपून ठेवावेत. पुंजका आडवा पसरला असेल तर वारा किंवा रायफलीची पकड तपासावी. उभा पसरला असेल तर संशय काडतुसावर घ्यावा. जुळलेला लॉट सापडला, की क्लबमधील चार-पाच जणांनी मिळून त्याच क्रमांकाच्या जितक्या पेट्या परवान्यांत बसतील तितक्या एकदम घ्याव्यात, आणि त्यांतील एक पेटी पुढील वर्षी नव्या लॉटशी तुलना करण्यासाठी न फोडता थंड जागी कुलपात ठेवावी.